सव्वीस इंची टायर आणि काशीची पंचक्रोशी

साताऱ्याला परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, विश्वनाथाच्या रांगेत किती वेळ गेला? मी खरं ते सांगतो. रांगेत फारसा गेला नाही, टायर शोधण्यात गेला. यावर माणसं हसतात आणि विषय बदलतात. ज्यांना काशीची पंचक्रोशी सायकलवर करायची आहे त्यांच्या उपयोगाचा हा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मंगला गौरी

माझी थोरली बहीण लग्न होऊन काशीला गेली. दाजींचं घराणं चार पिढ्यांपासून मंगला गौरीच्या देवळाजवळ राहतं. दाजी पाठशाळेत संस्कृत शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांची मराठी पोथीतल्यासारखी, ताईची मात्र इतक्या वर्षांत निम्मी हिंदी झाली आहे. "माधव, आधी नाश्ता करून घे, मग आराम कर," हे तिचं स्वागत.

नाश्त्याला चुडा-मटर होतं. म्हणजे आपले पोहेच, पण हळद नाही, मोहरी नाही, शेंगदाणे नाहीत. तुपात परतलेले कोवळे मटार, आलं, थोडा गरम मसाला आणि वर साय. पहिला घास घेताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं, दुसऱ्या ताटलीला तसं वाटलं नाही.

माघ संपत आला होता. होळीनंतर दाजींच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याआधी त्यांना पंचक्रोशी करायची होती. पंचक्रोशी म्हणजे काशीक्षेत्राला प्रदक्षिणा, सुमारे ऐंशी किलोमीटर. मणिकर्णिकेवर संकल्प सोडून निघायचं, वाटेतल्या धर्मशाळांत मुक्काम करायचे आणि फिरून मणिकर्णिकेवर यायचं. दाजींनी ती तरुणपणी अनेकदा पायी केली होती. गेल्या वर्षी मात्र पहिल्याच मुक्कामावर गुडघा सुजला आणि त्यांना रिक्षात घालून परत आणावं लागलं. ती अर्धी राहिलेली प्रदक्षिणा त्यांच्या मनातून जात नव्हती.

"ऑपरेशननंतर करा ना," मी म्हणालो.

"ऑपरेशननंतर काय होईल ते कोणी लिहून देतं का, माधवराव?" दाजी म्हणाले. "मी पुढचं धरूनच चालत नाही."

डॉक्टरांनी चालायला मनाई केली होती, पण सायकल हलकी चालवायला हरकत नाही असं सांगितलं होतं. "ते गल्लीत चालवायला सांगितलं," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. "ऐंशी किलोमीटर नाही. पण हे सुनतातच कुठे!"

सायकल माझ्या भाच्याची. तो शाळेत असताना घेतलेली, जुन्या पद्धतीची माउंटन बाइक, सव्वीस इंची चाकांची, गियरची. भाचा आता नोकरीला हैदराबादला असतो. दाजींचा गुडघा ठराविकच वाकतो आणि जोर सहन करत नाही, त्यामुळे अगदी हलका गियर आणि खाली घेतलेली सीट त्यांना लागतेच. साधी काळी सायकल त्यांच्या कामाची नाही. ती शेजाऱ्यांकडून माझ्यासाठी मागून आणली.

मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात हिशेब बघतो, त्यामुळे निघण्यापूर्वी सगळं तपासायची सवय आहे. दाजींच्या सायकलच्या मागच्या टायरला बारीक भेगा होत्या. दाजींचं मत पडलं की तो अजून चालेल. चालेल हे मलाही पटलं, पण एक टायर जवळ असावा म्हणून मी मैदागिनच्या बाजूला सायकलच्या दुकानात गेलो. जुन्या टायरवरचा आकडा मी पाहून ठेवला होता, २६ × १.५०.

दुकानदार पाठ फिरवून फळीवर चाचपत म्हणाला, "छब्बीस-डेढ़?"

"एक पॉइंट पाच शून्य," मी म्हणालो.

"वही तो डेढ़ हुआ, भाई साहब. पॉइंट-वॉइंट सब कंपनी का चोंचला है."

त्यानं दिलेल्या टायरवर २६ × १½ असं छापलं होतं. एक पूर्णांक पाच दशांश म्हणजे दीड. यात शंका घेण्यासारखं काही असेल असं मला नोकरीत कोणी शिकवलेलं नाही. मी टायर घेतला, गुंडाळून कॅरियरला बांधला आणि निर्धास्त झालो.

मणिकर्णिका ते भीमचंडी

मणिकर्णिकेवर हातात पाणी घेऊन संकल्प सोडला. मी नुसता सोबत म्हणून जाणार होतो, पण दाजी म्हणाले, एवढं चालवणारच आहात तर सोडून टाका. मीही सोडला. मग दोन्ही सायकली नावेत घालून अस्सी घाटाकडे निघालो. हा टप्पा नावेतूनच करायची पद्धत आहे.

नावाडी सायकलींकडे बघून म्हणाला, "गुरु, परिकरमा साइकिल से? बाबा हँसेंगे."

"हँसेंगे तो समझो प्रसन्न हैं," दाजी म्हणाले, आणि नावाडी वल्हं सोडून हसायला लागला.

अस्सीहून पुढे रस्ता सुरू झाला तसे दाजींनी मला नियम सांगितले. काशी सतत उजव्या हाताला राहिली पाहिजे. थुंकायचं असेल, लघवीला जायचं असेल तर रस्त्याच्या डावीकडे, कारण उजवीकडची सगळी जमीन क्षेत्रातली. प्रदक्षिणा पुरी होईपर्यंत घरी जायचं नाही. रेषा सोडून आत शहरात शिरलं की ती खंडित. पायात काही घालत नाहीत, दाजींनीही घातलं नव्हतं. अनवाणी पेडल मारणं मला जमलं नाही. मी कापडी बूट घातले होते, हे नमूद करतो.

आपल्याकडे प्रदक्षिणा म्हणजे देवळाभोवतीची. पाच-पन्नास पावलांत संपते, वाटेत कोणी ओळखीचं भेटलं तर तिथेच गप्पाही होतात. इथे देऊळच शहराएवढं. उजवीकडे मोबाइलची दुकानं, पेट्रोल पंप, मंगल कार्यालयं, गव्हाची हिरवी शेतं, आणि ते सगळं गाभाऱ्यात धरायचं. पहिले काही किलोमीटर मला हे विचित्र वाटलं. नंतर माझ्या लक्षात आलं की मी आपोआप डावीकडे वळून खोकतो आहे.

कर्दमेश्वराच्या तळ्यावर थांबलो. गेल्या वर्षी दाजी इथूनच परत फिरले होते. त्यांनी पायरीवर बसून गुडघा चोळला, उठून उभे राहिले आणि दोनदा वाकवून बघितला. "आहे," एवढंच म्हणाले. तिथून पुढे ते माझ्यापेक्षा चांगले चालवत होते. हलक्या गियरवर त्यांचे पाय भराभर फिरायचे आणि सायकल जेमतेम पुढे सरकायची. माझ्या काळ्या सायकलचं उलटं, चढावर मीच उतरून ढकलत होतो.

भीमचंडीच्या धर्मशाळेत मुक्काम केला. अंगणात गोवऱ्या पेटवून बाटी-चोखा केला. कणकेचे गोळे राखेत भाजायचे, वांगी-बटाटे-टोमॅटो निखाऱ्यावर. आपल्या वांग्याच्या भरतासारखाच चोखा, पण फोडणी नाही, कच्चं मोहरीचं तेल. बाजूला बलियाकडच्या काही बायका होत्या, पायी निघालेल्या. त्यांतल्या एकीनं आमच्या बाट्या बघितल्या आणि म्हणाली, "ए भइया, ई बाटी है कि ईंटा?" तिनं आमची कणीक ओढून घेतली आणि बाकीच्या बाट्या स्वतः केल्या. झोप उत्तम लागली.

जंसा

दुसऱ्या दिवशी रामेश्वरच्या वाटेवर, जंसा बाजाराच्या तोंडाशी, दाजींच्या सायकलचा मागचा टायर फुटला. नुसती भेग वाढली असती तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावून भागलं असतं. पण टायरच्या काठात असते ती तारच तुटली होती. तार गेली की टायर रिंगवर बसत नाही.

माझा चेहरा मात्र प्रसन्न होता, कारण नवा टायर कॅरियरला होता. समोरच सायकलचं दुकान होतं. दुकानदाराचं नाव लालमन. त्यानं चाक काढलं, नवा टायर चढवला आणि थांबला. टायर चढवायला लोखंडी पट्टीसुद्धा लागली नाही. तो रिंगभोवती सैल लोंबत होता, मोठ्या माणसाचा बूट लहान मुलानं घातल्यासारखा. हवा भरायला लागल्यावर ट्यूब बाजूनं बाहेर आली.

"ई त बड़ा है," लालमन म्हणाला.

"छब्बीस को छब्बीस बड़ा कैसे?" मी म्हणालो.

मी चष्मा पुसून दोन्ही टायर शेजारी ठेवले. मोठ्या अक्षरांच्या खाली बारीक आकडे होते, जे मी मैदागिनला वाचलेच नव्हते. जुन्यावर ४०-५५९. नव्यावर ४०-५८४. चाळीस म्हणजे रुंदी, ती दोन्हींची सारखी. पुढचा आकडा म्हणजे टायर जिथे बसतो तिथला रिंगचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पंचवीस मिलिमीटरचा फरक. म्हणजे अपूर्णांकात लिहिलेलं दीड वेगळ्या रिंगचं आणि दशांशात लिहिलेलं दीड वेगळ्या रिंगचं. सव्वीस इंच हे नुसतं नाव. गणितात जे एक, ते सायकलच्या दुकानात दोन. मी ते खुशाल एक धरून चाललो होतो.

लालमनच्या छताला टायर टांगलेले होते. काळ्या सायकलचे अठ्ठावीस इंची हवे तेवढे. शाळेच्या मुलींच्या सायकलचे २६ × १⅜, त्यावर बारीक अक्षरात ५९०, म्हणजे आणखी मोठे. नव्या जाड सायकलींचा साडेसत्तावीस इंची एक. पाचशे एकोणसाठ एकही नाही.

"पहिले रखते थे," लालमन म्हणाला. "अब गियर वाली कौन चलाता है? लइका सब मोटरसाइकिल पर है. शहर जाइए, मिल जाएगा."

शहर उजवीकडे होतं.

मी ताईला फोन लावला. उचलल्या उचलल्या ती म्हणाली, "पडले का?"

"नाही गं. टायर गेला."

"तू नवा घेतला होतास ना? आकडे बघून?"

"चुकीचे बघितले. तू बाजारात जा, टायरवर बारीक अक्षरात पाच-पाच-नऊ बघ. ते दिसल्याशिवाय घेऊ नकोस. घेतलास की रिक्षानं इकडे ये."

बऱ्याच वेळानं तिचा फोन आला. ती सगळी रांग फिरली होती. "एकजण म्हणाला छब्बीस तो छब्बीस होता है, माताजी. दुसरा म्हणाला, मंगवा देंगे, हफ्ता लगेगा. तिसरा माझ्यावरच हसला. माधव, तू त्यांना रिक्षात घाल आणि घरी घेऊन ये. बस झालं आता."

दाजी लालमनच्या बाकावर बसून आमचं बोलणं ऐकत होते. रिक्षा हा शब्द त्यांनी ऐकला. उजवा पाय पुढे पसरून गुडघ्याकडे बघत बसले.

मी म्हणालो, "दाजी, तुम्ही इथेच थांबा. मी शहरात जाऊन टायर आणतो."

"आपण संकल्प सोडलेला आहे, माधवराव. आत गेलात की खंडित."

"माझं कुठे ऑपरेशन आहे?"

"त्यानं नियम बदलत नाही."

"म्हणूनच म्हणतो, तुम्ही बाकावरून हलू नका."

"माझ्यासाठी आपली मोडायची नाही. मला हे मान्य नाही."

"मान्य करू नका," मी म्हणालो, "फक्त बसून राहा." जुना टायर, चाक आणि लालमनकडची मापाची टेप घेऊन मी शहराकडे जाणाऱ्या टेम्पोत चढलो. टेम्पो मोठ्या रस्त्यावरून उजवीकडे वळला तेव्हा मला थोडं वाईट वाटलं, हे कबूल करतो. सकाळपर्यंत मी त्या बाजूला थुंकलोही नव्हतो.

भोजूबीर

टेम्पोतल्या एका मास्तरांनी चांगली माहिती दिली. म्हणाले, टायरच्या दुकानात शोधू नका, जुन्या सायकलींच्या दुकानात शोधा. भोजूबीरच्या आसपास बाहेरगावची मुलं खोल्या घेऊन परीक्षांचा अभ्यास करतात आणि जाताना सायकली फुंकून टाकतात. तिथे एका बोळात खरोखरच पन्नासेक सायकली एकमेकींना टेकून उभ्या होत्या. मालक गादीवर बसून पान लावत होता.

"सिर्फ टायर?" तो म्हणाला. "हम साइकिल बेचते हैं, टायर नहीं. कोई आपसे कहे दूल्हा रहने दो, जूता दे दो, तो?"

मी त्याला सगळी हकीकत सांगितली. प्रदक्षिणा, गुडघा, बाक. त्यानं पान लावायचं थांबवलं. "पंडितजी जंसा में बैठे हैं? बिना हिले?" मग गादीवरून उठला आणि म्हणाला, "ढूँढ़िए. जो आपका नंबर हो, उतार लीजिए."

मी एकेका सायकलपाशी उकिडवा बसून टायर वाचायला लागलो. ५८४, ५९०, ५८४, काहींवर आकडे झिजून गेलेले. शेवटी भिंतीच्या बाजूला एक लाल सायकल, टायर २६ × १.९५, खाली ५०-५५९. पन्नास म्हणजे आमच्या टायरपेक्षा दहा मिलिमीटर रुंद, पण रिंग तीच. टेपनं मोजलं, माझ्या चाकावर चढवून बघितला. दोन पट्ट्या लावून, अंगठे दुखेपर्यंत दाबून बसला. टायर घट्ट चढल्याचा एवढा आनंद मला पूर्वी कधी झालेला नाही.

मालकानं पान दिलं. नको म्हणणं बरं दिसलं नसतं. पान अप्रतिम होतं, पण बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की आता मी आतच आहे, डावी बाजू जवळपास कुठेच नाही. संकल्प मोडला तरी सवय मोडली नव्हती. सगळा रस गिळत जंसापर्यंत आलो.

दाजी बाकावरच होते. लालमनच्या बायकोनं त्यांना चुडा-गूळ खाऊ घातला होता आणि ते लालमनच्या बापाला कुठल्याशा श्लोकाचा अर्थ सांगत होते. चाक बसवलं तर रुंद टायर मडगार्डला घासायला लागला. लालमननं मडगार्ड काढून टाकलं. त्यामुळे पुढे वरुणेकाठच्या ओल्या वाटेवर दाजींच्या पाठीवर चिखलाची सरळ रेघ उमटली. मी मागून चालवत होतो, मला ती सारखी दिसत होती. छान दिसत होती.

मुक्काम रामेश्वर, शिवपूर

रामेश्वरला अंधार पडता पडता पोचलो. देऊळ नदीच्या अगदी वर आहे. पुढचा मुक्काम शिवपूरला केला; रस्ता सोपा होता आणि टायरनं एकदाही कुरबूर केली नाही. रुंद असल्यामुळे खड्ड्यांत दाजींच्या गुडघ्याला उलट कमी धक्के बसले. शेवटच्या थांब्यावरून, कपिलधारेहून, निघताना मूठमूठ जव घेऊन वाटेवर पेरत जायची रीत आहे. दाजी एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं जव टाकत होते आणि मी ओरडत होतो की दोन्ही हात हँडलवर ठेवा. पाखरांचा थवाच आमच्या मागे लागला.

मणिकर्णिकेला सायकली ढकलत आणल्या. ताई घाटावर उभी होती. तिनं आधी दाजींचा गुडघा बघितला, मग चेहरा, मग पाठीवरचा चिखल. "या," म्हणाली. दाजींनी पाण्यात उतरून डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत.

तिथून साक्षी विनायकाला जायचं असतं. आपण प्रदक्षिणा केली हे या गणपतीला सांगायचं, म्हणजे तो साक्षीदार राहतो. आपल्याकडे असा साक्ष देणारा गणपती माझ्या पाहण्यात नाही. पुजाऱ्यानं नाव-गोत्र विचारलं. दाजींनी स्वतःचं सांगितलं आणि लगेच माझंही.

"माझं नको," मी मध्येच म्हणालो. पुजाऱ्याला हिंदीत सांगितलं, "हमारी पूरी नहीं हुई. जंसा से बाहर... मतलब, अंदर गए थे."

पुजारी माझ्याकडे बघत राहिला. "यहाँ सब बढ़ाकर बताते हैं," तो म्हणाला. "घटाने वाला पहला आदमी देखा."

"माधवराव, आपण जिथून गेलात तिथेच परत आलात," दाजी म्हणाले. "रेषा तुटली नाही. मी सांगतो, झाली."

"जंसाला तुम्हीच खंडित म्हणालात."

"जंसाला मला आपल्याला थांबवायचं होतं."

"नियम आहे तो आहे, दाजी. तुमची झाली, माझी नाही. देवाला खोटी साक्ष द्यायला लावायची का?"

मागे माणसं खोळंबली होती. पुजाऱ्यानं एकच नाव घेतलं आणि दाजींच्या कपाळाला शेंदूर लावला. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "ती तशी अर्धी ठेवता येत नाही. पुरी करावी लागेल. आणि पहिल्यापासून, जंसापासून नाही."

"करीन की."

"रस्ता माहीत आहे?"

"अर्धा तुमच्या पाठीकडे बघण्यात गेला. नाही माहीत."

"मग मला यावं लागेल," दाजी म्हणाले. "पुढच्या माघात."

ताई पुढे चालली होती, ती थांबली. मागे वळून तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "सायकलवर?"

"पायी," दाजी म्हणाले.